झाकली मूठ

दिवाळी अंकात चकलीची भाजणी आणि रांगोळीचे ठिपके सोडून हे गृहस्थ तलवारीची गोष्ट काय सांगत बसले, असे वाचक भगिनींना वाटेल. पण तलवार घरातच निघाली, त्याला माझा इलाज नाही.

उन्हाळ्यात आम्ही उभयता अमेरिकेत लेकीकडे गेलो होतो. आमच्या एकोणीस वर्षांच्या नातवाने सुटीतल्या नोकरीचे पैसे साठवून एक जपानी धाटणीची तलवार, कटाना, मागवली. किंमत ६० डॉलर. काळे चकचकीत म्यान, गोफ गुंडाळलेली मूठ, पात्यावर लाटेसारखी नागमोडी रेघ. पोराचा आनंद गगनात मावेना.

"आजोबा, शनिवारी मागच्या अंगणात आम्ही पाण्याच्या बाटल्या कापणार आहोत. तुम्ही बघायला या हं!"

धाकट्या नातीने तर पायरीवरची आपली जागा आधीच सांगून ठेवली होती.

माझी उभी हयात कारखान्याच्या टूलरूममध्ये गेली. पोलाद समोर आले की त्याची जात विचारल्याशिवाय मला राहवत नाही. मी म्हटले, "बाळ, आधी मूठ उघडून दाखव."

"मूठ कशाला? धार बघा की!"

इथेच आपण सगळे चुकतो. बाजारात विळी घेताना आपण धारेवरून अंगठा फिरवतो. पण विळी दगा देते ती पाटाशी, जिथे पाते लाकडात रोवलेले असते तिथे. तलवारीचेही तसेच.

जपानी तलवारीची मूठ बांबूच्या एका किंवा दोन खुंट्यांनी पात्याला अडकवलेली असते. या खुंटीला मेकुगी म्हणतात. बारीक टोकाकडून हलके ठोकले की ती निघते आणि मूठ सुटते. आत दिसतो तो पात्याचा मुठीत गेलेला भाग, नाकागो. सगळा भरवसा याच्यावर. तो पात्याच्याच अखंड पोलादाचा, चांगला रुंद आणि मुठीत निम्म्याहून बराच पुढे गेलेला हवा.

नातवाच्या तलवारीची खुंटी नुसती शोभेची होती. मूठ स्क्रूने आवळलेली. ती काढली, तो आत पेन्सिलीएवढी सळई, पात्याच्या बुडाला वेल्डिंगने डकवलेली! जोराचा एक घाव, की मूठ हातात आणि दोन फुटांहून लांब पाते हवेत. मी पायरीकडे पाहिले. नातवानेही पाहिले. बराच वेळ आम्ही दोघेही बोललो नाही.

"म्हणजे मी फसलो," तो अखेर म्हणाला. "स्वस्तातली घेतली म्हणून."

पण स्वस्त म्हणजे खोटेच, असे नाही. त्याच्या मित्राची तलवारही महागातली नव्हती, २५० डॉलरची. तीही आम्ही उघडली. खुंटी खरी, आतला भाग रुंद नि अखंड. पोलाद १०६० जातीचे. या आकड्यांतले शेवटचे दोन आकडे कार्बनचे प्रमाण सांगतात. म्हणजे शेकडा ०.६० कार्बन. नातवाची तलवार स्टेनलेसची. स्टेनलेस स्वयंपाकघरातल्या सुरीला उत्तम, पण तलवारीएवढ्या लांब पात्याला दणका बसला तर मोडण्याची भीती फार.

आता त्या नागमोडी रेघेचे. तिला हामोन म्हणतात. खरा कारागीर पाठीवर मातीचा जाड लेप देतो, धारेकडे पातळ. मग पाते तापवून पाण्यात बुडवतो. धार झटकन निवून कठीण होते, पाठ सावकाश निवून चिवट राहते. आपले लोहार ज्याला पाणी देणे म्हणतात तेच हे. दोहोंच्या सीमेवर ही रेघ उमटते. स्वस्त मालात ती बहुधा आम्लाने किंवा ब्रशाने काढलेली असते. भिंगातून पाहावे: खऱ्या रेघेत धुक्यासारखे बारीक चमकते कण दिसतात, खोटीत नुसते ओरखडे. मित्राच्या तलवारीवरची रेघही काढलेलीच होती. पण तेवढ्यावरून पाते टाकाऊ ठरत नाही. विकणाऱ्याने नटवले, एवढेच.

आणखी तीन गोष्टी पाहाव्यात. पाते डोळ्यासमोर आडवे धरून पाठीवरून नजर टाकावी. वाक लगेच कळतो. तलवार हलवून ऐकावे. हातावरचे संरक्षक कडे, त्सुबा, खुळखुळता कामा नये. आणि म्यान जमिनीकडे किंचित कलते केले म्हणून तलवार आपण होऊन बाहेर घसरू नये.

"पण जपानी म्हणून लिहिले होते," नातू पुटपुटला.

जपानात पाते घडवायला सरकारी परवाना लागतो. त्यासाठी निदान ५ वर्षे उस्तादाच्या हाताखाली उमेदवारी करावी लागते, आणि परवाना मिळाल्यावरही महिन्याला लांब तलवारी दोनच. असा माल ६० डॉलरला यायचा कुठून? स्वस्त कटाना बहुतेक चीनमधून येतात. झेजियांग प्रांतातले लाँगक्वान हे त्यांचे मोठे गाव. तिथेही तलवारींची परंपरा जुनी आहे आणि चांगला मालही निघतो. म्हणून गाव विचारू नये, मूठ उघडावी. आपल्याकडे कोणाला हौस असेल त्याने मात्र १९५९ चा शस्त्र कायदा आहे हे ध्यानात ठेवून आधी पोलीस ठाण्यात विचारावे.

झाकली मूठ सव्वा लाखाची, असे आपण म्हणतो. माणसाच्या अब्रूपुरते ते खरे. हत्याराची मूठ मात्र उघडूनच पाहावी.

शनिवारचा बेत रद्द झाला. नातवाने तलवार भिंतीवर टांगली, पण टांगण्यापूर्वी म्यानावर एक चिठ्ठी डकवली: "शोभेची आहे. फिरवू नये." उद्या कोणी पाहुण्याचे पोर खाली काढील, म्हणून. चिठ्ठी वाचून मला बरे वाटले.

आमची ही स्वयंपाकघरातून म्हणाली, "साठ डॉलरला अक्कल तशी स्वस्तच पडली की हो! तुम्ही लग्नात घेतलेले घड्याळ आठवतंय ना?"

त्या घड्याळाची मूठ मी झाकलेलीच ठेवतो.