जेलर कोणाच्या पैशावर जगतो?

थ्रेड

मराठी वाचकाला 'जेलर' म्हटले की अंदमानचा बारी आठवतो. माणूस क्रूर होता म्हणून तुरुंग क्रूर होता, असा सोपा हिशेब त्या आठवणीत दडलेला असतो. अमेरिकेतील अनेक काउंटी कौन्सिले हाच हिशेब उलटा मांडतात: माणूस भला नेमला की तुरुंग भला होईल. म्हणून तुरुंगाच्या नव्या प्रमुखाचे नाव मंजुरीसाठी आले की उमेदवाराचा अनुभव, शिस्त, सुधारणावादी भाषा, आधीच्या नोकरीतले वाद यांवर घमासान होते. तुरुंगाचे पैसे कोठून येतात, हा विषय मात्र अंदाजपत्रकाच्या बैठकीवर ढकलला जातो, आणि त्या बैठकीला प्रेक्षकांच्या खुर्च्या रिकाम्या असतात.

हा वाद दोन-अडीचशे वर्षे जुना आहे आणि बहुतेक वेळा तो चुकीच्या प्रश्नावरच लढला गेला आहे.

आधी थोडी पार्श्वभूमी. काउंटी म्हणजे ढोबळमानाने आपला जिल्हा. काउंटीच्या तुरुंगात प्रामुख्याने असतात ते कच्चे कैदी, म्हणजे ज्यांचा गुन्हा अजून सिद्ध व्हायचा आहे असे लोक. आजच्या अमेरिकेतील स्थानिक तुरुंगांत त्यांचे प्रमाण दोन-तृतीयांशांच्या आसपास आहे. अनेकांची अडचण एवढीच की जामिनाला पैसे नाहीत. असा तुरुंग सांभाळणारा शेरीफ हा मूळचा इंग्लंडचा अधिकारी. मुंबईचे मानद 'नगरपाल' हे पद त्याच वंशातले. आता त्याच्याकडे फक्त समारंभ उरले आहेत.

1773 साली बेडफर्डशायर काउंटीचा शेरीफ म्हणून जॉन हॉवर्डची नेमणूक झाली. शेरीफ हे वर्षभराचे प्रतिष्ठेचे पद. तुरुंगाचे काम खालच्या माणसांवर सोडून मोकळे व्हायचे, ही रूढी. हॉवर्ड स्वतः तुरुंगात गेला. (जॉन बन्यन या धर्मोपदेशकाने शतकभरापूर्वी कैदेची बारा वर्षे याच बेडफर्डमध्ये काढली होती.) तेथे त्याने जे पाहिले ते क्रौर्यापेक्षा विचित्र होते. न्यायालयाने निर्दोष सोडलेली माणसे पुन्हा कोठडीत होती. कारण? सुटकेची फी भरलेली नव्हती. जेलरचे 15 शिलिंग 4 पेन्स आणि किल्लेदाराचे, म्हणजे किल्ल्या सांभाळणाऱ्या शिपायाचे, 2 शिलिंग. मजुराला ही रक्कम सहज जमणारी नव्हती.

जेलर राक्षस होता का? त्याला पगारच नव्हता. कैद्याकडून मिळणारी फी हेच त्याचे उत्पन्न. इतर तुरुंगांत बेड्या हलक्या करण्याचे पैसे घेतले जात, चांगल्या खोलीचे घेतले जात, आणि जेलरच कैद्यांना दारू विकून नफा कमावी. ज्या माणसाचे पोट कैद्यावर चालते तो कैद्याला सोडण्याची घाई का करील?

हॉवर्डने काउंटीच्या न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे मागणी ठेवली: फी बंद करा, जेलरला काउंटीच्या तिजोरीतून पगार द्या. स्थानिक कारभार त्या काळी याच मंडळींच्या हाती असे. त्यांना वाईट वाटले. हॉवर्ड स्वतःच तशी नोंद करतो. पण एक अट आली: काउंटीवर असा खर्च टाकल्याचा पूर्वीचा दाखला आणा. हॉवर्ड घोड्यावर बसून शेजारच्या काउंट्यांत दाखला शोधत फिरला. दाखला मिळाला नाही. मिळाला तो तोच अन्याय, प्रत्येक काउंटीत नव्याने.

हॉवर्डच्या चरित्रकथांत हा प्रसंग संताच्या साक्षात्कारासारखा सांगितला जातो आणि वाचक त्या घोड्यामागे धावतो. पाहायला हवे ते मागे बसलेल्या न्यायदंडाधिकाऱ्यांकडे. दयेची त्यांच्याजवळ वाण नव्हती. खर्चाचा आकडा समोर येताच ती दया पूर्वदाखल्याच्या दारात थांबली, एवढेच.

आणि पैसा सुटला तो केव्हा? 1750 साली लंडनच्या ओल्ड बेली न्यायालयात तुरुंगज्वर (टायफस) पसरला आणि आरोपींच्या पिंजऱ्यातून न्यायासनापर्यंत पोहोचला. लंडनचा लॉर्ड मेयर आणि काही न्यायाधीश त्यात दगावले. कोठडीतला रोग कोठडीत राहत नाही, हा धडा राज्यकर्त्यांनी जवळच्यांच्या अंत्ययात्रांतून शिकला होता. 1774 मध्ये हॉवर्डने संसदेपुढे साक्ष दिली, आणि त्याच वर्षी दोन कायदे झाले: एक निर्दोष सुटलेल्यांची फी रद्द करणारा, दुसरा तुरुंगातील स्वच्छतेचा. हॉवर्डने ते स्वखर्चाने छापून जेलरांना पाठवले. तरी पुढच्या दौऱ्यांत कित्येक ठिकाणी कायद्याला हरताळ फासलेलाच त्याला दिसला. तुरुंगातील फी सरसकट रद्द व्हायला 1815 उजाडले. स्थानिक तुरुंग काउंट्यांच्या हातून काढून केंद्र सरकारकडे देणारा कायदा तर 1877 चा.

'योग्य माणूस' या श्रद्धेवर सर्वांत कठोर भाष्य केले आहे लंडनच्या फ्लीट तुरुंगाने. तो काउंटीचा नव्हे, पण त्याची गोष्ट येथे हवीच. जॉन हगिन्सने त्याचे प्रमुखपद 5,000 पौंडांना विकत घेतले होते आणि 1728 मध्ये तेवढ्याच किमतीला थॉमस बॅम्ब्रिज व त्याच्या भागीदाराला विकले. पद विकत घेणारा पैसे वसूल करणारच. बॅम्ब्रिजच्या छळाची संसदीय चौकशी झाली, खटला झाला, आणि तो निर्दोष सुटला. कैद्यांकडून पैसे उकळण्याची व्यवस्था त्याच्यामागेही चालू राहिली.

इंग्लंडने निदान शेवटी ही गाठ सोडवली. अमेरिकेने मात्र 1634 मध्ये व्हर्जिनियात काउंट्या पाडल्या तेव्हा शेरीफ उचलून आणला तो त्याच्या फीच्या थैलीसकट.

त्या थैलीचा एक तुकडा अलाबामा राज्यात अगदी परवापर्यंत शिल्लक होता. तेथे शेरीफ लोकांनी निवडून दिलेला असतो. कैद्याच्या जेवणासाठी राज्य माणशी दिवसाला 1.75 डॉलर देई, आणि त्यातून उरलेली रक्कम शेरीफने स्वतःकडे ठेवावी, असा जुन्या कायद्याचा अर्थ लावला जाई. मॉर्गन काउंटीच्या शेरीफने तीन वर्षांत अशी सुमारे 2,12,000 डॉलरची 'बचत' केली. शेजारच्या काउंटीच्या शेरीफबरोबर निम्मे निम्मे पैसे घालून त्याने एक ट्रकभर कॉर्न डॉग (मक्याच्या पिठात तळलेले सॉसेज) स्वस्तात घेतले आणि कैद्यांना आठवडेच्या आठवडे तेच खाऊ घातले. 2009 च्या जानेवारीत संघराज्याच्या न्यायाधीशाने त्या शेरीफलाच एका रात्रीसाठी कोठडीत धाडले. तरीही इतर काउंट्यांत प्रथा टिकली. एटोवा काउंटीच्या शेरीफने त्याच पैशातून साडेसात लाख डॉलरहून अधिक रक्कम घेतल्याचे 2018 मध्ये उघड झाले. कायदा बदलला तो 2019 मध्ये.

येथे कौन्सिलचे समर्थक म्हणतील: पाहा, निवडून आलेला शेरीफ असाच वागणार, नेमणूक कौन्सिलच्या मंजुरीने व्हायला हवी. युक्तिवाद वरकरणी पटतो. मग क्लीव्हलँड शहर जेथे आहे त्या ओहायोतील कायाहोगा काउंटीकडे वळावे. भ्रष्टाचाराच्या मोठ्या प्रकरणानंतर तेथील मतदारांनी 2009 मध्ये नवी सनद मंजूर केली. 2011 पासून निवडून येणारा शेरीफ गेला आणि कार्यकारी प्रमुखाने नेमलेला, कौन्सिलने मंजूर केलेला शेरीफ आला. पुढे या काउंटीने क्लीव्हलँड शहराचे कैदीही आपल्या तुरुंगात घ्यायला सुरुवात केली, माणशी रोजाचा दर आकारून. तुरुंग आधीच भरलेला होता आणि रक्षक अपुरे होते.

2018 मध्ये त्या तुरुंगात काही महिन्यांत एकामागून एक कैदी मरण पावले. त्या वर्षीच्या नोव्हेंबरात संघराज्याच्या मार्शल्स सेवेचा अहवाल आला. परिस्थितीसाठी त्याने 'अमानुष' हा शब्द वापरला, आणि रक्षक कमी म्हणून कैद्यांना सलग 27 तासांहून अधिक कोठडीत डांबल्याची नोंद केली. तुरुंगाच्या संचालकाने राजीनामा दिला.

पण या प्रकरणातली सर्वांत बोचणारी तारीख त्या अहवालाची नाही. त्याच वर्षीच्या मे महिन्यात तुरुंगातील परिचारिकांच्या पर्यवेक्षकाने कौन्सिल सदस्यांसमोर उभे राहून वैद्यकीय सेवेच्या दुरवस्थेबद्दल बजावले होते. त्यानंतर तुरुंगातून दूर केले गेले ते त्या पर्यवेक्षकाला. म्हणजे मंजुरीचा अधिकार होता, सभागृह होते, साक्षीदारही स्वतःहून आला होता. पुढे सनदेत दुरुस्ती होऊन शेरीफला अधिक स्वायत्तता मिळाली. चर्चा पुन्हा कोणाचा अधिकार कोणावर, याच वाटेने गेली.

माणूस महत्त्वाचा नसतो, असा याचा अर्थ कोणी काढू नये. क्रूर अधिकारी तुरुंगाचा नरक करू शकतो, आणि त्याला नेमणाऱ्याचे हात स्वच्छ राहत नाहीत. पण खाटांपेक्षा जास्त कैदी, नेमलेल्या जागांपेक्षा कमी रक्षक आणि कैद्यांच्या संख्येवर चढणारे उत्पन्न, एवढे हाती देऊन 'आता सुधारणा करा' असे सांगणे ही त्या भल्या माणसाचीही फसवणूक आहे. मंजुरीच्या सुनावणीत खुर्ची उमेदवाराइतकीच काउंटीच्या कोषाध्यक्षालाही द्यायला हवी. तुरुंगात आज किती कच्चे कैदी आहेत? त्यांतील किती केवळ जामिनाच्या रकमेअभावी आत आहेत? रात्रपाळीला रक्षकांच्या किती जागा रिकाम्या राहतात? शेजारच्या शहराचे कैदी ठेवून वर्षाला किती रक्कम जमा होते, आणि तिच्यातील किती वैद्यकीय सेवेवर खर्च होते? ही उत्तरे कागदावर आल्यावाचून जो सदस्य हात वर करतो, तो बेडफर्डच्या न्यायदंडाधिकाऱ्यांच्या बाकावरच बसलेला असतो. त्यांनी निदान दाखला तरी मागितला होता.