प्रवासाची वही

एका वाचक भगिनीनें आम्हांस विचारलें आहे: “प्रवासांत असतांना मनांत पुष्कळ येतें. गाडीच्या खिडकीशीं बसल्या बसल्या लेखच्या लेख जुळून येतात. परंतु घरीं परतून चार दिवस झाले, कीं पाहुणे, सणवार, मुलांच्या परीक्षा यांत तें सारें विरून जातें आणि कागदावर एक ओळहि उतरत नाहीं. ही स्फूर्ति टिकवावी कशी?” प्रश्न एकट्या या भगिनीचा नाहीं, आमचाहि आहे. म्हणून उपदेश करण्यापूर्वीं आमचीच एक चूक सांगतों.

आमच्या घरीं एक आत्याबाई होत्या. लहान वयांतच वैधव्य आलें, तेव्हांपासून माहेरीं राहून त्यांनीं आम्हां सर्व भावंडांचें केलें. आयुष्यांत त्यांना एकच मोठा प्रवास घडला, तो काशीचा. त्या यात्रेंत मोगलसराईच्या फलाटावर सोबतची मंडळी गर्दींत गाडींत चढली आणि आत्याबाई एकट्याच मागें राहिल्या. भाषा येत नव्हती, कनवटीला पैसा नव्हता. तेथल्या एका बाईनें त्यांना रात्रभर आपल्याजवळ बसवून घेतलें व सकाळीं आपल्या हातचें खावयास दिलें. जन्मभर सोंवळें पाळणाऱ्या आत्याबाईंनीं तें खाल्लें. दुपारीं तांदूळ निवडतांना त्या ही हकीकत सांगत, तेव्हां त्या बाईचें नांव, तिचें गांव, तिच्या बोलण्याची ढब, सारें सांगत. आम्हीं एक चांगली वही आणली, पहिल्या पानावर ‘आत्याबाईंची काशीयात्रा’ असें ठळक अक्षरांत लिहिलें आणि सवडीची वाट पाहत बसलों. सवड झाली नाहीं. आत्याबाई गेल्या. आज त्या वहींत तेवढें शीर्षकच आहे. त्या परोपकारी बाईचें नांव आम्हांला आठवत नाहीं, आणि तें सांगूं शकेल असें घरांत दुसरें कोणी उरलें नाहीं.

येथें स्फूर्तीची वाण होती असें कोण म्हणेल? वाण होती ती चिकाटीची. प्रवास लेखकाला पुष्कळ देतो, परंतु त्यानें दिलेलें राखून ठेवण्याचें काम घरीं, त्याच नेहमींच्या जागीं बसून करावें लागतें.

याचें आपल्या भाषेंतलें मोठें उदाहरण वरसईच्या विष्णुभट गोडसे यांचें आहे. वरसई हें कुलाबा, म्हणजे आजच्या रायगड, जिल्ह्यांतलें पेणजवळचें गांव. घरीं कर्ज आणि दारिद्र्य. मथुरेस बायजाबाई शिंदे मोठा यज्ञ करणार आहेत, दक्षिणा चांगली मिळेल, असें ऐकून १८५७ सालीं विष्णुभट आपल्या चुलत्यांबरोबर उत्तरेकडे निघाले. निघाले ते चार पैसे मिळविण्यासाठीं; गांठ पडली ती बंडाशीं. १८५८ मध्यें इंग्रजांनीं झांशीला वेढा घातला तेव्हां ते शहरांतच होते, आणि शहर पडल्यानंतरची लूट व कत्तल त्यांनीं डोळ्यांनीं पाहिली. मिळालेली दक्षिणा लुटारूंच्या हातीं गेली. घरीं परतले तेव्हां खांद्यावर गंगेची कावड होती, गांठीला धन म्हणण्यासारखें कांहीं नव्हतें.

मग त्यांनीं लेखणी केव्हां उचलली? परतून वीसांहून अधिक वर्षें लोटल्यावर, चिंतामण विनायक वैद्य यांनीं आग्रह केला तेव्हां! विष्णुभट कांहीं ग्रंथकार नव्हते. भिक्षुकी करणारे गृहस्थ होते. पण पन्नाशी उलटल्यावर ते लिहावयास बसले आणि सबंध हकीकत पुरी करूनच उठले. ‘माझा प्रवास’ हें पुस्तक १९०७ सालीं वैद्यांनीं छापलें तेव्हां तें पाहावयास ते हयात नव्हते. वैद्यांनीं भाषेंत व मजकुरांत फेरफार केले होते. मूळ लेखनाबरहुकूम आवृत्ति दत्तो वामन पोतदार यांनीं १९६६ सालीं सिद्ध केली. आज झांशीच्या त्या दिवसांविषयीं मराठी माणसानें स्वतः पाहून लिहिलेलें वाचावयाचें तर या पुस्तकाकडेच जावें लागतें. यांत लिहिणाऱ्याइतकेंच श्रेय विचारणाऱ्याचेंहि आहे. वैद्यांनीं जें विचारलें, तें आम्हीं आत्याबाईंना विचारलें नाहीं.

दुसरें उदाहरण दूरच्या जपानचें. बाशो हा कवि १६८९ सालीं सोरा नांवाच्या शिष्यासह एदो, म्हणजे आजचें तोकियो, येथून उत्तरेकडे पायीं निघाला. सुमारें पांच महिने तो चालत होता. त्या प्रवासाचें पुस्तक हातीं धरलें तर अगदीं लहान आहे. परंतु तें मनासारखें होण्यास १६९४ साल उजाडलें. त्याच वर्षीं बाशो वारला आणि पुस्तक छापून निघालें १७०२ मध्यें. पुढें १९४३ सालीं सोराची रोजनिशी प्रसिद्ध झाली. ती शेजारीं ठेवून पाहतां, बाशोनें कोठें प्रसंगांचा क्रम बदलला, कोठें कांहीं गाळलें, हें ध्यानांत आलें. पांच महिन्यांच्या वाटचालीवर पांच वर्षांचे संस्कार! सोराच्या टिपणाविना तपशील गेला असता आणि बाशोच्या परिश्रमाविना तें काव्य झालें नसतें. आपल्यासारख्या सामान्य लेखकाला सोरा आणि बाशो हीं दोन्ही कामें स्वतःच करावीं लागतात.

तेव्हां आमच्या भगिनीला आमचें सांगणें एवढेंच. प्रवासांत लेख लिहूं नका. रात्रीं निजण्यापूर्वीं चार ओळींचें टिपण मात्र चुकवूं नका. त्यांत सूर्यास्ताचें वर्णन नसलें तरी चालेल. धर्मशाळेच्या रखवालदाराचें नांव, भाजीचा भाव, टांगेवाल्यानें उच्चारलेला एखादा नवा शब्द, आपल्याला कशाची भीति वाटली, हें असावें. खिशांतल्या फोनमध्यें शेंकडों छायाचित्रें निघतात खरीं. परंतु शेजारीं बसलेली बाई काय बोलली, हें छायाचित्रांत येत नाहीं. मग घरीं परतल्यावर दिवसाकांठीं अर्धा तास ठरवावा आणि सुचो न सुचो, त्या वेळीं टिपणाची वही उघडून बसावें. पहिले आठ दिवस कांहीं होणार नाहीं, तरी बसावें.

आणि घरांतल्या इतर मंडळींनाहि एक विनंति. एकत्र कुटुंबांत सर्वांत दुर्मिळ वस्तु म्हणजे स्त्रीचा स्वतःचा अर्धा तास. तेवढ्या वेळांत चहा दुसऱ्या कोणी केला, दार दुसऱ्या कोणी उघडलें, तर घराचें कांहीं अडत नाहीं. उलट घराची एक हकीकत वांचते.

हा मजकूर लिहावयास घेण्यापूर्वीं आम्हीं ती जुनी वही काढली. आठवलें तेवढें लिहिलें. साडेतीन पानें झालीं. त्या बाईच्या नांवाच्या जागीं रेघ ओढून ठेवली आहे. वाचकहो, आपल्या घरीं कोणी आत्याबाई, आजोबा, काकू प्रवासाच्या गोष्टी सांगत असतील, तर आज जेवणें झाल्यावर त्यांच्यापाशीं बसा आणि नांवें आधीं लिहून घ्या.