चढावरची सायकल

रत्नागिरीत जयस्तंभाकडून माळनाक्यावरून मारुती मंदिराकडे चढताना सायकलस्वाराचा वेग चालण्याइतका मंदावतो आणि हँडल डगमगते. नेमका तेव्हाच मागून हॉर्नचा मारा सुरू होतो. ‘सायकल रस्त्यात येते’ ही चालकांची तक्रार. पण तिला कडेने जायला जागा कुठे आहे? कडेला उभ्या मोटारी, उघडी गटारे आणि पावसाळ्यात डांबराची तुटलेली कड. मग सायकल मध्ये येणारच!

सायकलस्वारांनाही सूट नाही. उलट दिशेने येणे, अंधारात दिव्याविना उताराला सुटणे हे जिवावरचे आहे. तरीही दोष समान मानता येणार नाही. ठोकर बसली तर मोटारीला पोचा येतो, सायकलवरची शाळकरी पोर किंवा कामगार मात्र जीव गमावतो. केंद्राच्या 2006 च्या शहरी वाहतूक धोरणानेही सायकलला सुरक्षित वाट देण्याचा आग्रह धरला आहे.

स्वतंत्र मार्गिकेइतकी रुंदी रत्नागिरीच्या जुन्या रस्त्यांना नाही, हे मान्य. पण चढाच्या डाव्या कडेचे पार्किंग हटवणे आणि गटारांवर सपाट झाकणे बसवणे नगर परिषद व वाहतूक पोलिसांना सहज जमेल. ते शाळा सुरू होण्याआधी व्हावे. चालकांनी तोवर चढावर हॉर्न न वाजवता थोडे थांबावे.