आपण कोणाला हंसतों?

वर्गांत एखाद्या विनोदी नाटकाची कथा सांगितली कीं मुलें पोट धरून हंसतात, व घरीं जाऊन ती पुन्हां सांगतात. मग एखादे पालक आम्हांस भेटून विचारतात, “लबाडांची लबाडी पाहून हंसण्यांत मुलांस कोणता लाभ?” प्रश्न रास्त आहे, तो हंसण्यावारी नेण्याजोगा नाहीं. ज्या नाटकावरून तो आम्हांस विचारण्यांत आला, त्याच नाटकाच्या आधारें त्याचें उत्तर देण्याचा आम्ही येथें प्रयत्न करितों.

‘व्होल्पोनी’ हें नाटक बेन जॉन्सन या इंग्रज नाटककाराचें. तें १६०६ च्या सुमारास लंडनच्या ग्लोब नाट्यगृहांत झालें व १६०७ सालीं छापून निघालें. कथा घडते ती इटलींतील व्हेनिस शहरीं. व्होल्पोनी हा तेथील धनाढ्य गृहस्थ; त्यास ना मूल, ना कोणी वारस. सकाळीं उठून तो देवाच्या जागीं आपल्या सोन्यासच वंदन करितो. मरणोन्मुख रोग्याचें सोंग घेऊन अंथरुणावर पडून राहावयाचें, व ज्यांस आपल्या संपत्तीची आशा आहे त्यांजकडून नजराणे उकळावयाचे, ही त्याची युक्ति. व्होल्टोरी वकील मौल्यवान भांडें आणतो, म्हातारा कॉर्बाचिओ मोहोरांची थैली आणतो, कॉर्विनो व्यापारी टपोरा मोती आणतो. मॉस्का नांवाचा नोकर प्रत्येकास खासगींत सांगतो कीं, मृत्युपत्रांत नांव आपलेंच! हीं नांवें इटालियन भाषेंतील आहेत. व्होल्पोनी म्हणजे कोल्हा, मॉस्का म्हणजे माशी, आणि बाकीचे तिघे गिधाड, डोमकावळा व कावळा. जनावर मेल्यासारखें पडलें कीं जे पक्षी भोंवतीं जमतात, तेच येथें जमले आहेत.

रंगभूमीवरील पात्रास जें ठाऊक नाहीं तें प्रेक्षकांस ठाऊक असावें, व त्यामुळें पात्राच्या साध्या बोलण्यासही दुसरा अर्थ यावा, यास नाट्यगत उपरोध म्हणतां येईल. कॉर्बाचिओ हा बहिरा, जराजर्जर, व्होल्पोनीहून अधिक थकलेला. तरी रोग्याचें प्रत्येक वाईट लक्षण ऐकून तो हर्षित होतो. रोगी खडखडीत बरा आहे हें आपणांस ठाऊक असतें; मरणाच्या दारीं कोण उभा आहे हेंही दिसत असतें; तें दिसत नाहीं फक्त त्या म्हाताऱ्यास. पण वकिलानें भांडें आणून दिलें हें ऐकतांच त्यामागील हेतु मात्र त्यास तत्काळ कळतो! लोभानें मनुष्य आंधळा होतो असें म्हणतात. आमच्या मतें तें अर्धेंच खरें आहे. लोभी मनुष्यास दुसऱ्याच्या डोळ्यांतील कुसळ इतरांहून लवकर दिसतें. स्वतःच्या डोळ्यांतील मुसळ तेवढें दिसत नाहीं.

पुढें हा खेळ भयंकर होतो. कॉर्बाचिओ आपल्या पोटच्या मुलास, बोनारिओस, वारसाहक्कांतून दूर सारून व्होल्पोनीच्या नांवें मृत्युपत्र करितो. पत्नीनें खिडकींत उभें राहिलेलेंही ज्यास खपत नाहीं तो संशयी कॉर्विनो संपत्तीच्या आशेनें त्या साध्वी सीलियेस स्वतः त्या घरीं आणून सोडतो. बोनारिओ तिला वांचवितो. पण प्रकरण न्यायासनापुढें जातें तेव्हां व्होल्टोरी अशी वकिली करितो कीं निरपराधी तेच अपराधी ठरतात. व्होल्पोनीस मृतवत् अवस्थेंत तेथें आणून दाखविण्यांत येतें. खरें काय तें आपणांस ठाऊक असतें, व आपण कांहींएक करूं शकत नाहीं.

वर्गांत ही कथा सांगतांना येथवर आल्यावर हंसणें थांबलें. एक विद्यार्थी उठून म्हणाला, “सर, आम्हांला सारें ठाऊक आहे, तर मग आम्ही मघांपासून हंसत काय होतों?” आम्हीं त्यास उत्तर दिलें नाहीं. ज्या ठिकाणीं नाटककार प्रेक्षकास आणूं पाहतो, तेथें तो मुलगा आपण होऊन पोहोंचला होता.

इतक्यावर व्होल्पोनीनें थांबावें. पण त्यास आपल्या फजितखोर सोबत्यांचीं तोंडें पाहण्याची हौस. तो आपण मेल्याची बातमी पसरवितो, मॉस्कास वारस नेमतो, आणि पडद्यामागें उभा राहून तिघांची निराशा पाहतो. आतां तो आपल्यासारखाच प्रेक्षक झाला! सर्व कांहीं आपणांस ठाऊक आहे असें त्यास वाटतें. मेलेल्या मनुष्याचा संपत्तीवर हक्क उरत नाहीं, ही एवढी गोष्ट मॉस्काच्या ध्यानांत येते. त्याच्या येत नाहीं. नोकर धन परत देईना, तेव्हां मालकास भर न्यायालयांत सोंग उतरवावें लागतें.

शिक्षा कडक आहेत. मॉस्कास फटके व जन्मभर गलबतावर वल्हीं मारणें. व्होल्पोनीचें धन असाध्य रोग्यांच्या रुग्णालयास, व तो स्वतः खरोखरीच रोगी व पंगु होईपर्यंत बेड्यांत. जॉन्सननें हें नाटक ऑक्सफर्ड व केंब्रिज विद्यापीठांस अर्पण केलें, व त्या अर्पणलेखांत या कठोर शेवटाचें समर्थनही केलें. तरी नाटकाचा बोध शिक्षेंत आहे असें आम्हांस वाटत नाहीं. मॉस्का धनवान झाला असें दिसतांच शिक्षा सांगणाऱ्यांपैकींच एक न्यायाधीश त्यास जांवई करण्याचा विचार मनांत आणतो, व तें प्रेक्षकांस ऐकूं येतें. मग निर्मळ हात कोणाचे राहिले?

म्हणून पालकांस आमची विनंति अशी कीं, मुलांस हंसूं द्यावें, मात्र मागाहून एवढें विचारावें, “तुझें हंसणें कोठें थांबलें?” आणि घरांत एखादे वृद्ध आप्त आजारी पडले असतां समाचारास जाण्याचा प्रसंग येईल, तेव्हां मोठ्यांनींही टोपलींतील फळांबरोबर आपल्या मनांत आणखी काय आहे तें एकदां पाहावें.

नाटकाच्या अखेरीस व्होल्पोनी पुन्हां एकटा पुढें येतो. कायद्यानें मला शिक्षा केली, पण तुमचा मीं कांहीं अपराध केला आहे काय, अशा आशयाचा प्रश्न करून तो प्रेक्षकांकडे टाळ्या मागतो. इतका वेळ त्याच्याबरोबर हंसलेल्यांनीं टाळी वाजवावी कीं नाहीं, हें आम्ही आमच्या विद्यार्थ्यांवरच सोंपवितों.