तगाद्याच्या मर्यादेविषयी

मा. गव्हर्नर, भारतीय रिझर्व्ह बँक, मुंबई यांस,


घेतलेले ऋण फेडलेच पाहिजे, याविषयी दुमत नाही. कर्जबुडव्यांची वकिली करण्यासाठी हे पत्र लिहिलेले नाही. प्रश्न आहे तो तगाद्याच्या मर्यादेचा. दिवाणी न्यायालयाचा हुकूमनामा घेऊन बेलीफ ऋणकोच्या दारी जप्तीस जातो, तेव्हा 1908 च्या दिवाणी प्रक्रिया संहितेच्या 60 व्या कलमान्वये आवश्यक कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण आणि धर्मरूढीनुसार स्त्रीने अंगावेगळे करू नयेत असे दागिने, म्हणजे आपल्याकडचे मंगळसूत्र, यांना त्याला हात लावता येत नाही. ज्याच्या हाती न्यायाधीशाच्या सहीशिक्क्याचा कागद आहे त्याला इतके बंधन. आणि हाती कसलाच हुकूमनामा नसलेला, कमिशनवर नेमलेला वसुली एजंट मात्र एक हप्ता थकताच कचेरीतल्या साहेबाला, शेजाऱ्याला, प्रसंगी मुलीच्या सासरीही फोन करून थकबाकीचा पुकारा करतो.

गावच्या सावकाराने ऋणकोचा पाठलाग केला किंवा त्याच्या घराभोवती घिरट्या घातल्या, तर तो अपराध आहे, असे मुंबई सावकारी अधिनियमाने 1946 सालीच ठरविले आणि 2014 च्या महाराष्ट्राच्या कायद्यानेही ते कायम ठेवले. परंतु बँकांची कर्जे या कायद्यांच्या कक्षेबाहेर आहेत, आणि आपल्याकडे नोंदलेल्या वित्तसंस्थांना राज्यांचे सावकारी कायदे लागू होत नाहीत, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने 2022 साली दिला. सावकाराला जो धाक आहे तो यांना घालण्याची जबाबदारी त्यामुळे मुख्यतः आपल्यावर येऊन पडली आहे.

आपली परिपत्रके उत्तम आहेत, हे प्रांजळपणे मान्य करतो. सकाळी 8 पूर्वी व सायंकाळी 7 नंतर वसुलीचा फोन करू नये, धमकी वा शिवीगाळ करू नये, नातलगांना व मित्रांना त्रास देऊ नये, हे 12 ऑगस्ट 2022 च्या परिपत्रकात स्वच्छ लिहिले आहे. ऋणकोची तक्रार निकालात निघेपर्यंत प्रकरण सर्वसाधारणपणे एजंटाकडे सोपवू नये, हेही 2008 पासून बँकांना सांगितलेले आहे. पण ते पाळले जाते की नाही, हे पाहतो कोण? आपल्या लोकपालाकडे जाण्यापूर्वी ऋणकोने त्याच बँकेकडे तक्रार करून 30 दिवस वाट पाहावयाची असते, आणि ते 30 दिवस फोन वाजतच राहतो.

आपले हात बांधलेले आहेत, असेही नाही. हजारीबागेत ट्रॅक्टरच्या वसुलीत एका गर्भवती स्त्रीचा मृत्यू झाल्यावर, 2022 च्या सप्टेंबरात, आपण संबंधित वित्तसंस्थेला बाहेरच्या एजंटांकरवी वसुली करण्यास मनाई केलीत. अधिकार होता, तो वापरलाही गेला. मात्र त्यासाठी एक जीव जावा लागला.

म्हणून विनंती एवढीच की, छळाची तक्रार दाखल होताच त्या ऋणकोचा क्रमांक एजंटाच्या यादीतून त्याच दिवशी काढून घेण्याची सक्ती असावी, आणि अशा तक्रारींचा बँकवार आकडा दरवर्षी आपण नावानिशी प्रसिद्ध करावा. कर्जासाठी बँक जो पैसा देते तो आमच्या ठेवींचा आहे. तो कोणत्या रीतीने परत आणला जातो, हे विचारण्याचा हक्क आम्हालाही आहे.

आपला नम्र,
एक ठेवीदार