कण्हेरीवरील पिवळा मावा

भात निघाल्यावर जमिनीतील ओलीवर वाल उभा राहतो, त्या दिवसांत मुरबाड तालुक्यातील धसईसारख्या गावी परसातील कण्हेरीचे शेंडे पिवळ्या माव्याने भरून जातात. तो वालावर उतरेल या भीतीने फवारणी करणे व्यर्थ होय. हा मावा रुईवर राहील, पण वालावर जाणार नाही. वालावरील काळ्या माव्याची जातच निराळी. उलट, ढालकिडे कण्हेरीवर पोसले जातात आणि वालावरील मावाही खातात. फवारणीने प्रथम तेच मरतात. त्यांची काळसर, सुसरीसारखी अळी तर कीड समजूनच चिरडली जाते. कार्यकर्त्यांनी पुस्तिका वाटण्याऐवजी ही अळी एकदा झाडावर दाखवावी.

जास्वंदीच्या बाबतीत मात्र हयगय नको. तिच्यावरील मावा भेंडी, वांगी, मिरचीवरही वाढतो. तथापि ज्या झाडाची फुले रोज देवपूजेसाठी खुडावयाची, त्यावर जहाल विष कशाला? आरंभी पाण्याची जोरदार धार पुरते. न भागल्यास अर्धा किलो निंबोळीचूर्ण पाण्यात रात्रभर भिजवून, वस्त्रगाळ करून, एकूण १० लिटर द्रावण करावे व थोडा साबण मिसळून सायंकाळी पानांच्या खालील बाजूस फवारावे. माव्याच्या चिकट स्रावासाठी मुंग्या त्याची राखण करतात व ढालकिड्यांना हुसकावतात; यास्तव बुंध्यावरील त्यांची वाटही मोडली पाहिजे.