चिठ्ठीवरची सही



दक्षिणेकडील एका गावाहून आमच्या एका वाचक भगिनीचे पत्र आले आहे. त्यांची कन्या इस्पितळात परिचारिका असून बारा वर्षांच्या नोकरीनंतर आता तिने तज्ज्ञ परिचारिकेचे, म्हणजे इकडच्या भाषेत 'आखोत मुमखीत'चे, शिक्षण घ्यावे असे वरिष्ठांनी सुचविले आहे. ते पुरे झाले म्हणजे आपल्या शाखेच्या मर्यादेत तिला स्वतः औषध लिहिता येईल. घरात यावरून दोन तट पडले आहेत. मुलगी उत्सुक आहे, जावई राजी आहेत, परंतु आजीबाईंनी एका वाक्यात निकाल दिला आहे : "ही कंपाउंडरकी आपल्या घरात नको." आता खरे काय समजावे, असे भगिनींनी आम्हांस विचारले आहे.

आजीबाईंच्या त्या शब्दापाशी आम्ही बराच वेळ थांबलो. ज्यांचे बालपण भायखळा-माझगावात किंवा पेण-अलिबागकडे गेले, त्यांना कंपाउंडर कोण हे सांगावयास नको. डॉक्टर आत बसत आणि बाहेर लाकडी खिडकीमागे कंपाउंडर बाटलीत गुलाबी मिक्श्चर ओतून तिच्यावर कातरलेल्या कागदाची पट्टी चिकटवीत असे. एक खाच म्हणजे एक डोस. डॉक्टर परगावी गेले की पुष्कळदा तोच आत येऊन खुर्चीवर बसे. पाहून पाहून शिकलेला तो मनुष्य. कोणते औषध द्यावयाचे हे त्याला ठाऊक असे; का द्यावयाचे आणि केव्हा देऊ नये, हे त्याला कोणी शिकविलेले नसे. आजीबाईंची भीती त्या माणसाची आहे, आणि ती खोटी नाही.

तेव्हा परिचारिकेने औषध लिहावे यात त्या कंपाउंडरापेक्षा निराळे ते काय? याचे उत्तर शोधावयाचे तर इंग्लंडकडे पाहणे सोयीचे, कारण तेथे हा अधिकार जितका दूरवर नेला गेला आहे तितका फार थोड्या देशांत नेला गेला असेल. तेथे गोष्ट सुरू झाली ती साध्या मलमपट्टीपासून. घरोघर जाऊन जखमा बांधणाऱ्या नर्सबाईंनी जखम पाहावी, कोणती पट्टी हवी हे त्यांनीच ठरवावे, आणि मग ज्याने ती जखम पाहिलेली नाही अशा डॉक्टरांच्या सहीसाठी दवाखान्यात ताटकळत उभे राहावे, असा परिपाठ होता. १९८६ साली ज्युलिया कम्बरलेज यांच्या अध्यक्षतेखालील समितीने या प्रकारावर बोट ठेवले. १९८९ मध्ये डॉक्टर जून क्राउन यांच्या समितीने अधिकार देण्याची शिफारस केली, १९९२ मध्ये कायदा झाला आणि १९९४ मध्ये काही निवडक ठिकाणी प्रयोग सुरू झाला. पट्ट्या, मलमे, रेचके अशी ती आखूड यादी होती. २००३ साली दुसरी वाट निघाली : डॉक्टर, परिचारिका आणि रुग्ण यांनी मिळून त्या एकाच रुग्णापुरती लेखी योजना ठरवावयाची आणि तिच्या चौकटीत परिचारिकेने औषधे लिहावयाची. अखेर मे २००६ पासून, पूर्ण प्रशिक्षित परिचारिकेस व औषधविक्रेत्यास आपल्या ज्ञानाच्या मर्यादेत जवळजवळ सर्व औषधे लिहिण्याची मुभा मिळाली. मॉर्फिनसारखी कडक नियंत्रणाखालची औषधे तेवढी २०१२ पर्यंत बहुतांशी वगळलेली होती. मलमपट्टीपासून येथवर येण्यास वीस वर्षे लागली, आणि डॉक्टरांच्या संघटनेने शेवटपर्यंत विरोध केला, हेही सांगितले पाहिजे.

मागोमाग इतर व्यवसाय आले. फिजिओथेरपिस्ट आणि पावलांचे विकार पाहणारे पोडिआट्रिस्ट यांना २०१३ साली, किरणोपचार करणाऱ्यांना २०१६ साली आणि रुग्णवाहिकेवरील पॅरामेडिकना २०१८ साली हा अधिकार मिळाला. आहारतज्ज्ञांना मात्र केवळ त्या लेखी योजनेच्या चौकटीतच लिहिता येते. सर्वांना एकाच मापाने मोजलेले नाही, हे ध्यानात घ्यावे.

आता शिक्षणाविषयी. आम्ही शिक्षकी पेशातले असल्यामुळे आमचे लक्ष प्रथम अभ्यासक्रमाकडे आणि परीक्षेकडे गेले. २००६ च्या तेथील नियमांनुसार निदान सव्वीस दिवस अध्यापन आणि त्यावर बारा दिवस डॉक्टरांच्या देखरेखीखाली प्रत्यक्ष काम, असा क्रम होता. हे वाचताना आम्हांस आमचे सराव पाठ आठवले. पाठाचे टाचण काढून आपण वर्गावर जावे आणि निरीक्षकांनी मागच्या बाकावर वही उघडून बसावे. पाठ कितीही रंगला तरी त्या वहीत काय उमटते आहे याची धाकधूक काही सुटत नसे. औषध लिहिणे शिकणाऱ्या परिचारिकेच्याही पाठीशी असाच एक जण असतो. पूर्वी तो डॉक्टरच असावा लागे, आणि असा वेळ देणारा डॉक्टर मिळत नाही म्हणून कित्येकींचे शिक्षण अडून राही. पुढे नियम बदलून, स्वतः औषधे लिहिण्याचा पुरेसा अनुभव असलेली परिचारिका किंवा औषधविक्रेताही चालेल असे ठरले. हा बदल योग्य झाला. परंतु पूर्वी शिक्षणास जाण्याआधी तीन वर्षांचा अनुभव लागे, तो २०१८ साली परिचारिकांसाठी एका वर्षावर आणला गेला. ही घाई आम्हांस पटलेली नाही. एका वर्षात वर्गातील मुलांची नावे पाठ होतात, मुले कळत नाहीत.

परीक्षेची गोष्ट तर प्रत्येक गणिताच्या शिक्षकाने भिंतीवर लावावी अशी आहे. औषधशास्त्राच्या पेपरात उत्तीर्ण होण्यास शंभरांपैकी ऐंशी गुण लागतात, आणि मात्रेच्या गणिताच्या पेपरात शंभरांपैकी शंभर. आपल्याकडे पस्तिसाला पास करीत असू. दशांशचिन्ह एक घर सरकले तर आम्ही अर्धा गुण कापून पुढे जात असू. येथे पुढे जाता येत नाही. आमच्या पद्धतीचे एक उदाहरण घेऊ. अठरा किलो वजनाच्या मुलास तापासाठी पॅरासिटेमॉल द्यावयाचे आहे, दर किलोस १५ मिलिग्रॅम. म्हणजे २७० मिलिग्रॅम. भारतात याचे सिरप दोन शक्तींचे मिळते, ५ मिलिलिटरमध्ये १२५ मिलिग्रॅम आणि ५ मिलिलिटरमध्ये २५० मिलिग्रॅम. पहिल्या बाटलीतून १०.८ मिलिलिटर द्यावे लागेल, दुसरीतून ५.४. पहिलीचे माप दुसऱ्या बाटलीस लावले तर मुलाच्या पोटात ५४० मिलिग्रॅम गेले. गणित चौथीचे आहे. चूक मात्र चौथीची राहत नाही.

आणि तरीही हे शिक्षण गणिताचे नव्हे. इंग्लंडातील रॉयल फार्मास्युटिकल सोसायटीने २०१६ साली औषध लिहिणाऱ्या सर्वांसाठी, डॉक्टरांसाठीसुद्धा, दहा क्षमता ठरवून दिल्या आणि २०२१ साली त्या सुधारून घेतल्या. त्यांत प्रत्यक्ष औषध लिहिणे चौथे आहे. त्याआधी रुग्णाची तपासणी व विचारपूस, मग उपायांचा विचार, ज्यात काहीच न देणे हाही एक उपाय असतो, आणि तिसरी पायरी रुग्णाशी बोलून निर्णय करणे. पाचवी, औषधाची नीट माहिती देणे. सहावी, पुन्हा बोलावून परिणाम पाहणे. कंपाउंडरास चौथी पायरी येत होती. पहिल्या तीन त्याला कोणी दाखविल्या नव्हत्या, आणि पुढच्या दोहोंकरिता रुग्ण पुन्हा येईल अशी वाट तो पाहत नसे.

पहिल्या पायरीचे मोल काय ते आम्ही आमच्या घरात पाहिले. आमच्या मावशींचे गुडघे दुखतात. मुंबईहून येणारे नातलग त्यांच्यासाठी क्रोसिन ६५० आणीत. त्या दिवसातून चार गोळ्या घेत. इकडच्या डॉक्टरांनी ५०० मिलिग्रॅमचे अकामोल सांगितले होते. त्या दोन-दोन गोळ्या तीन वेळा. एक 'इंडियाचे औषध', एक 'इथले औषध', दोन्ही निराळी, अशी त्यांची पक्की समजूत. एका शुक्रवारी सकाळी कुपात खोलीमच्या दवाखान्यातील परिचारिकेने त्यांची पिशवी टेबलावर रिकामी करावयास लावली आणि क्रोसिन व अकामोल म्हणजे एकच पॅरासिटेमॉल, हे त्यांना दाखविले. हिशेब केला तर दिवसाचे ५,६०० मिलिग्रॅम होत होते. सर्वसाधारण प्रौढ माणसाची कमाल मर्यादा ४,००० ची. डॉक्टरांनी या दोन गोळ्या एकत्र कधी पाहिल्याच नव्हत्या, कारण त्यांनी विचारले होते, "आणखी कोणती औषधे घेता?", आणि मावशींच्या लेखी नातलगांनी प्रेमाने आणलेली वस्तू औषधांत मोडत नव्हती.

परिचारिकेने एक गोळी बंद करावयास सांगितली. परंतु दुखण्यावर दुसरे काही लिहून देण्याचा अधिकार तिला नव्हता आणि डॉक्टर रविवारी येणार होते. शब्बाथ मध्ये आला. मावशींनी दुखणे सोसवेना म्हणून दोन्ही गोळ्या पुन्हा चालू ठेवल्या आणि आम्हांस सांगितले नाही. रविवारी रक्त तपासले तेव्हा यकृताचे आकडे वर गेलेले होते. पुढे ते उतरले, देवाची कृपा. परंतु शुक्रवार सकाळ ते रविवार एवढ्या वेळात ज्या बाईला दोष सापडला होता तिचे हात बांधलेले होते, हे आमच्या मनातून जात नाही.

याचा अर्थ परिचारिका चुकत नाही असा नव्हे. २०१६ साली कॉक्रेन या संस्थेने निरनिराळ्या देशांतील ४६ अभ्यास एकत्र करून पाहिले. रक्तदाब, मधुमेहाची साखर, कोलेस्टेरॉल यांच्या बाबतीत प्रशिक्षित परिचारिका व औषधविक्रेते यांनी लिहिलेल्या औषधांचा गुण डॉक्टरांच्या बरोबरीचा आढळला. अपायांविषयी मात्र ठाम बोलण्याइतका पुरावा हाती लागला नाही. शिवाय हा दीर्घ दुखण्यांचा हिशेब आहे. अचानक उद्भवलेल्या, नाव न लागलेल्या आजारात डॉक्टरांचे निदान हवेच. ज्या परिचारिकेस आपली हद्द कोठे संपते हे सांगता येत नाही तिने लेखणी उचलू नये. जिने हद्द ओलांडली तिच्यावर जबाबदारीही तिचीच येते; पूर्वी सही डॉक्टरांची होती, तेव्हा दोषही त्यांच्याकडे जाई.

इस्रायलात हा मार्ग २००९ साली उघडला, तो प्रथम असाध्य आजारातील वेदना कमी करणाऱ्या परिचारिकांसाठी. मग इतर शाखा जोडल्या गेल्या. पदव्युत्तर पदवी, त्यावर शाखेचे खास शिक्षण आणि सरकारी परीक्षा, अशी ती वाट आहे. म्हणजे आजीबाईंची नात खिडकीमागून उठून खुर्चीवर बसणार नाही.

पत्रलेखिका भगिनींस आमचे सांगणे असे की मुलीने अर्ज भरावा. परंतु भरण्यापूर्वी वरिष्ठांकडून दोन गोष्टी कागदावर घ्याव्यात. शिक्षणाच्या काळात तिच्या पाळ्या कोण भरून काढणार, आणि परतल्यावर तिला औषधे लिहिण्याचे काम खरोखर मिळणार की जुन्याच पाळीत परत ढकलणार. इंग्लंडात शिकून आलेल्या कित्येकींची लेखणी याच कारणाने कोरडी राहिली. आजीबाईंना नमस्कार सांगावा. त्यांच्या उशाशी मुंबईहून आलेल्या गोळ्यांचा डबा असेलच. तो नातीने पुढच्या खेपेस एकदा टेबलावर रिकामा करून पाहावा.